वाचनालयाचा ऑनलाइन कॅटलॉग: वर्गणीचे पैसे वसूल, पण मराठी शोध चालत नाही

सांगलीतल्या आमच्या जुन्या वाचनालयाने पुस्तकांची यादी ऑनलाइन आणली, त्याला आता बरेच महिने झाले. घरबसल्या मुदतवाढ मिळते, पुस्तक राखून ठेवता येतं, परतीची तारीख मेसेजने कळते. हे सगळं नीट चालतं. मला लिहायचंय ते शोधाबद्दल.

तासगावला धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि वेलींवर दावण्या हा बुरशीचा रोग आला. फोनवरच्या व्हिडिओंत जो तो आपलंच औषध पुढे करत होता. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या वाचनालयात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं काही असलं तर बघ की." मी 'शेतकऱ्यांसाठी' असं टाइप केलं. एकही पुस्तक आलं नाही. 'द्राक्ष' टाकल्यावर एक आलं, 'द्राक्षे' टाकल्यावर वेगळीच दोन. देवघेव विभागात विचारलं तर उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरवर नाही म्हणजे नाही." संदर्भ विभागातल्या मॅडमनी मात्र मला सरळ 634.8 च्या फळीपाशी नेलं. पुस्तकं विषयवार लावायच्या दशांश वर्गीकरणात हा द्राक्षांचा क्रमांक. हवं ते पुस्तक तिथेच होतं आणि त्याच्या नावात 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्दही होता.

घोळ कुठे आहे हेही त्यांनीच दाखवलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' असतो. दुसऱ्यात साधा 'र', त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. शिवाय बऱ्याच जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेल्या होत्या. त्या बदलताना अक्षरं तुटली आणि तशीच राहिली. यावर उपाय आहे: शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची. हे एकदाच करायचं काम आहे. मी लेखी तक्रार दिली, तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने कळवलं की हे वार्षिक देखभालीत बसत नाही, वेगळे पैसे पडतील. मराठी वाचनालयाला विकलेल्या सॉफ्टवेअरला मराठी शब्द सापडत नसेल, तर आधीचे पैसे कशाचे घेतले? या उत्तराचा मला अजून संताप येतो.

तेव्हा मी दोनच तारे देणार होतो. हिवाळ्यात मत बदललं, ते वरच्या मजल्यावरच्या संगणक कक्षामुळे. सकाळ-संध्याकाळ तिथे एमपीएससीची पोरं असतात. दुपारी त्याच मॅडम कुणालाही बसवून शिकवतात: वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाचे 20 खंड ऑनलाइन कसे चाळायचे, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट कशी उतरवून घ्यायची, आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय कसं वापरायचं. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मुक्त होतं, हेही तिथेच समजलं. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राची माहिती भावाने पहिल्यांदा याच कक्षात वाचली. आता दुकानात जाण्याआधी तो ती बघतो आणि नको त्या फवारण्या टळतात. हे सगळं वर्षाच्या वर्गणीत. खाजगी अभ्यासिका नुसत्या खुर्चीचे एका महिन्याला याहून जास्त घेतात.

म्हणूनच शोधाचा मुद्दा सोडून देववत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. शहरातल्या ग्रंथालयांतली हजारो पुस्तकं भिजून गेली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. आता जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग चालू आहे, ते व्हायलाच हवं. पण स्कॅन केलेल्या फायलींची नावंही याच तुटक्या नोंदींवरून पडतात. उद्या मूळ प्रत पाण्यात गेली आणि फाइल शोधात येत नसली, तर ते पुस्तक असून नसल्यासारखं होईल. फळीच राहिली नाही तर मॅडम तरी कुठे नेणार?

तूर्त साडेतीन तारे. पुढच्या वर्षाची वर्गणी मी भरली आहे, तुम्हीही सभासद व्हा. शोधात 'नाही' आलं तर विश्वास ठेवू नका. वर्गीकरण क्रमांक टाकून बघा, नाहीतर संदर्भ विभागात विचारा. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. येताना यादीत न सापडलेल्या पुस्तकांची नावं लिहून आणा, वाचनालयाने पुस्तकावर घातलेला दाखल क्रमांक माहीत असला तर तोही.