बायोस वर नेला, मग एक पायरी खाली आणला: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, बायोस (म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करून माझा फायदाच झाला. पण आज मी सगळ्यात नवीन व्हर्जनवर नाही, त्याच्या आधीच्यावर आहे, आणि मे महिन्यापासून पीसी त्याच्यावरच चालतोय, अख्खा पावसाळा गेला.

काम माझं व्हिडिओ एडिटिंगचं. गोव्यात पेडण्याला जत्रांच्या सीझनला दशावतारी नाटकं शूट करतो, रात्रभराचं फुटेज, आणि जुना रायझन ५ २६०० प्रोसेसर एक्सपोर्टला दम टाकायचा. एएम४ सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेची, मजा ही की २०१८ च्या बी४५० मदरबोर्डवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो, बोर्ड नको रॅम नको, फक्त बायोस नवीन लागतो. आणि तो जुना प्रोसेसर काढायच्या आधी टाकायचा, नाहीतर नवीन लावून काळ्या स्क्रीनकडे बघत बसा. बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवाय पण बायोस टाकता येतो म्हणा, माझ्या बोर्डला ते नाही.

फाईल घेताना बोर्डावर छापलेलं रिव्हिजन बघा, नुसतं मॉडेलचं नाव जुळून भागत नाही. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि बायोसच्या आतल्या टूलमधूनच फ्लॅश करायचा, म्हणजे नवीन बायोस चिपवर लिहायचा, विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही.

आता लाईटचं. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की लाईट गेलीच समजा, म्हणून मी पावसाच्या आधीच उरकलं, तेही यूपीएसवर. घरी इन्व्हर्टर आहे ना म्हणून निवांत राहू नका, साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंतच्या त्या क्षणात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो, आणि फ्लॅश अर्धवट राहिला तर मग चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने लिहिणारा माणूस शोधत फिरा.

फ्लॅश झाल्यावर पीसी दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला, घाबरायचं नाही. सेटिंग मात्र सगळी उडतात. एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवणारं सेटिंग, बंद झाल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती, फॅनचं सेटिंग पण गेलं. नवीन प्रोसेसर लावल्यावर एफटीपीएम (सिक्युरिटीच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायला वाय दाबा असा मेसेज येतो, तिथे थांबा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राईव्हला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय वाय दाबायचं नाही, की नसेल तर ड्राईव्हमधला डेटा गेला. मी बिटलॉकर आधीच बंद करून ठेवला होता.

एक्सपोर्टचा फरक पहिल्याच दिवशी दिसला. पण त्या लेटेस्ट व्हर्जनवर पीसी स्लीपमधून उठेना, फॅन फिरतात, स्क्रीन काळा, पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. ड्रायव्हर बदलले, विंडोजची पॉवर सेटिंग बदलली, काही नाही. शेवटी ५६०० ला चालणारं त्याच्या आधीचं व्हर्जन टाकलं आणि दुखणं गेलं, आजतागायत परत आलं नाही. खाली येणं सगळ्यांनाच जमेल असं नाही हं. काही बोर्डांवर ठराविक व्हर्जननंतर मागे जाताच येत नाही, ते डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वर जायच्या आधीच वाचा. नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं सेटिंगचं प्रोफाईल जुन्याने घेतलं नाही, मोबाईलवर काढलेले सेटिंगचे फोटो कामाला आले.

"चालतंय ना, मग हात लावू नको" म्हणणारे आमच्याकडे घरोघरी आहेत, मला ते अर्धंच पटतं. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल बाहेर आलं, पीसी सुरू होताना दिसणाऱ्या लोगोच्या चित्रातूनच बायोसमध्ये घुसता येतं असा दोष, आणि तो भरून निघतो बायोस अपडेटनेच. म्हणून नवीन व्हर्जन आलं की त्याची माहिती वाचतोच, सिक्युरिटीचं काही असेल तर टाकणार. आत्ता जे आलंय ते बीटा आहे आणि जत्रा तोंडावर आल्यात, त्यामुळे सीझन संपेपर्यंत नाही.