खासगी गाईड की ग्रुप टूर?

आधी पैशांचं उरकू. ग्रुप टूरचे दर माणशी असतात, खासगी गाईडचे बहुधा सगळ्यांना मिळून. त्यामुळे एकट्याला खासगी गाईड महाग पडतो. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला फरक फारसा जाणवत नाही. (काही शहरांत स्थानिक रहिवासी हौसेने, फुकट शहर दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये असा उपक्रम १९९२ साली सुरू झाला.)

खरा फरक चालताना कळतो. २५-३० जणांच्या घोळक्यात तुम्ही गाईडच्या उंच धरलेल्या छत्रीमागे चालता, आवाज कानातल्या हेडसेटमधून येतो. जुन्या इमारतीच्या दारावरचं एखादं शिल्प निरखत थांबलात, की मान वळवेपर्यंत छत्री पुढच्या चौकात! खासगी गाईडबरोबर तिथेच दहा मिनिटं रेंगाळता येतं, "याचा हात तुटला कसा?" असंही विचारता येतं. आजींचे गुडघे कुरकुरत असतील तर तो पायऱ्या टाळून दुसऱ्या वाटेने नेतो. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर मी डोळे झाकून खासगी गाईडच घेईन. एकट्याने फिरणाऱ्याला मात्र ग्रुप बरा, सोबतही मिळते.

खासगी टूरमध्ये सगळी भिस्त एकाच माणसावर असते. तो रटाळ निघाला तर सुटका नाही. ग्रुपमध्ये निदान मागे राहून गप्पा तरी मारता येतात. म्हणून बुकिंगआधी परवान्याची चौकशी कराच, अनेक ठिकाणी स्मारकांच्या आत माहिती सांगायला तो लागतो. वाटेत दुकानांत नेणार का, हेही विचारून घ्या. तिथे बऱ्याचदा गाईडचं कमिशन ठरलेलं असतं.