मुलांच्या खेळासाठीचा संरक्षक चष्मा : सहा महिन्यांच्या वापरानंतर

बॅडमिंटन खेळताना शटलकॉक लागून माझ्या मुलीच्या डोळ्यात, बुबुळाच्या पुढच्या भागात, रक्त उतरले होते आणि ते ओसरेपर्यंतचे दिवस आठवले की आजही मन अस्वस्थ होते. त्यानंतर तिच्यासाठी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या मजबूत प्लास्टिकच्या भिंगांचा, डोक्यामागे पट्टा असलेला हा चष्मा घेतला.

मोठा चेंडू बहुतेक वेळा डोळ्याभोवतीच्या हाडांवर अडतो. शटलकॉक किंवा स्क्वॉशचा लहान चेंडू मात्र खोबणीत शिरून थेट नेत्रगोलावर आघात करू शकतो, त्यामुळे अशा खेळांत नेहमीचा चष्मा पुरेसा ठरत नाही, उलट त्याचे भिंग फुटून इजा वाढण्याची भीती असते. म्हणूनच खरेदी करताना रंग किंवा आकार पाहण्याआधी मी त्यावर एएसटीएम एफ८०३ या, खेळाच्या संरक्षक चष्म्यांसाठीच्या अमेरिकी मानकाचा उल्लेख आहे की नाही, हे तपासले. मध्यंतरी दुहेरी सामन्यात जोडीदाराच्या रॅकेटची कड भिंगावर आदळली. भिंगावर ओरखडा उमटला, डोळा मात्र सुखरूप राहिला.

उणिवाही आहेत. पॉलिकार्बोनेटवर चरे लवकर पडतात, त्यामुळे धूळ पाण्याने धुऊनच भिंगे पुसावी लागतात. घामामुळे ती धूसर होतात आणि मुलगी चष्मा काढू पाहते, ही मला सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. कडेची हवेची छिद्रे आणखी मोठी हवी होती. नाकावरची मऊ गादी मात्र उत्तम आहे.