‘अस्सल’ माउंट आणि रायफलचे गेलेले आटे

अमेरिकेत राहणाऱ्या आणि हौसेनं पॉइंट टू-टूची (.२२) रायफल बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. तिकडे गावी एअर रायफलवर दुर्बीण बसवणाऱ्यांनाही यातलं निम्मं कामाला येईल. स्कोपचं माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरून ठेवणारी बैठक, म्हणून मला बनावट माल विकला गेला आणि तो बनावट आहे हे कळेपर्यंत रायफलचं नुकसान होऊन बसलं होतं. रक्कम काही घर विकावं लागेल अशी नव्हती, ८५ डॉलर. पण हा प्रकार ज्या हुशारीनं रचलेला असतो ती समजून घ्यायला हवी. माल खोटा आहे हे वापरल्याशिवाय कळत नाही आणि वापरला की तो परत घेतला जात नाही. सगळी गोम तिथंच आहे.

रायफल रुगर या अमेरिकन कंपनीची, मॉडेल १०/२२. १९६४ पासून बनतेय. अर्धस्वयंचलित, दहा गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन थेट रायफलच्या पोटात बसतं, खाली काही लोंबत नाही. काडतूस .२२ लाँग रायफल. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं तेही याच काडतुसावर, त्यामुळे कोल्हापूरहून मावसभावाचा लगेच फोन, “दादा, स्वप्नीलसारखी बंदूक घेतलीस म्हनं?” त्याला म्हटलं, बाबा रे, त्याची रायफल एकेक गोळी हातानं भरायची, आणि ऑलिंपिकच्या त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. आमची आपली रविवारची हौस.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर, शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद सोडले, तर इथल्या संघराज्याच्या कायद्यानं बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. मित्राच्या रायफलवर माउंट कुठलं घ्यायचं याची चर्चा करण्याआधी आपल्या व्हिसाकडे बघा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

आता माउंट. १०/२२ च्या वरच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला, म्हणजे रिसीव्हरला, आटे पाडलेली चार भोकं असतात. त्यावर पट्टी स्क्रूनं बसते, पट्टीवर दोन रिंगा आणि रिंगांत दुर्बीण. पट्ट्यांचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला डोव्हटेल, म्हणजे दोन्ही कडा आत तिरक्या कापलेली पट्टी. जुन्या .२२ रायफलींवर तो तीन-अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. एअर रायफलवर असतो ११ मिलिमीटरचा, दिसायला तसाच, पण एकाच्या रिंगा दुसऱ्यावर धड बसतीलच असं नाही. दुसरा प्रकार वीव्हर. त्याच्या आडव्या खाचा ४.५७ मिलिमीटर रुंद, दोन खाचांतलं अंतर मात्र ठरलेलं नाही. तिसरी पिकॅटिनी. ते १९९५ सालचं अमेरिकन लष्कराचं प्रमाण, खाच ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बहुतेक वेळा बसते. पिकॅटिनीची रिंग वीव्हरच्या खाचेत उतरत नाही. हा सहा-सात दशांश मिलिमीटरचा फरक फोटोत दिसणं शक्यच नाही, आणि ठक याच फटीतून शिरतो.

जाहिरातीत सगळं होतं: १०/२२ साठी खास, पिकॅटिनी पट्टी, पोलादी रिंगा, नामांकित कंपनीचा अस्सल माल, साठा संपवायचा म्हणून सवलत. मोठ्या ऑनलाइन बाजारातला तिऱ्हाईत विक्रेता. दुकानात हीच जोडी १४० च्या आसपास होती, म्हणजे किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. चार हजारांवर अभिप्राय, पावणेपाच तारे. नंतर जुने अभिप्राय तळापर्यंत वाचत गेलो तर तिथं लोक लिहितायत, “तंबूत रात्रभर उजेड पुरला”, “हुक जरा नाजूक आहे”. कंदिलाच्या पानावर कंदील काढून माउंट ठेवलेलं! तारे कंदिलाला मिळालेले. हा धंदा इथं चांगलाच रुळलेला आहे. अभिप्रायांची अशीच सरमिसळ केली म्हणून फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीकडून सहा लाख डॉलर घेतले होते.

खोकं देखणं आलं. चमकणारं स्टिकर, वॉरंटीचं कार्ड, छोटा षटकोनी पाना. मॅगझिन काढून, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामी असल्याची खात्री करून पट्टी बसवायला घेतली. स्क्रू पहिले दोन फेरे बोटांनी गेले, तिसऱ्याला जड झाले. नव्या रायफलच्या भोकांत कधी कधी रंग बसलेला असतो, त्यामुळे असं जड जाणं नवं नाही. पान्यानं फिरवल्यावर चारही स्क्रू तळाशी गेले आणि पट्टी घट्ट बसली. फार घट्ट बसली, असं आता म्हणावं लागतं.

रेंजवर ५० यार्डांवर पहिल्या गोळ्या नाण्याएवढ्या जागेत गेल्या. मग गोळ्यांच्या भोकांचा घोळका उजवीकडे सरकायला लागला, मग वर. दुर्बिणीच्या चकत्या फिरवून पुन्हा मध्यावर आणला की दोन मॅगझिननंतर तेच. अशा वेळी माणूस आधी काडतुसांवर संशय घेतो, मग दुर्बिणीवर, मग स्वतःच्या श्वासावर. माउंटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. खरं तर हिशेब सोपा आहे. दोन रिंगांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यातली एक नुसती ०.१ मिलिमीटर हलली, तर ५० यार्डांवर गोळी साडेचार सेंटिमीटर दुसरीकडे जाते.

रेंजजवळच एका म्हाताऱ्या गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं, दुकान आहे. त्यानं काही न विचारता रिंगेला लोहचुंबक लावलं. ते सरळ घसरून टेबलावर पडलं. पोलाद कसलं, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम होतं, वरून काळा मुलामा. मग बारीक मापं घेणारा व्हर्नियर लावला. पट्टीची खाच ४.६ मिलिमीटर, म्हणजे वीव्हरची. रिंग पिकॅटिनीची, त्यामुळे तिचा आडवा बोल्ट खाचेत उतरलाच नव्हता, काठावर तिरका टेकला होता. जबडा पट्टीला एका बाजूनं धरून होता आणि दर गोळीला केसभर सरकत होता. .२२ ला धक्का तो कितीसा, पण तेवढाही पुरला.

हे सगळं परवडलं असतं. त्यानंतर त्यानं पट्टीचे स्क्रू काढले. एकेका स्क्रूच्या पिळांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून बाहेर आली, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी. रुगरच्या भोकांचे आटे ६-४८ मापाचे, म्हणजे व्यास साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला ४८ पीळ, दोन पिळांत सुमारे ०.५३ मिलिमीटर. विक्रेत्यानं दिलेले स्क्रू निघाले मेट्रिक एम ३.५ चे, दोन पिळांत ०.६. जाडी हुबेहूब सारखी, त्यामुळे सुरुवात बरोबर होते. पुढे दर फेऱ्याला पीळ थोडा थोडा चुकत जातो, आणि रिसीव्हर मऊ धातूचा असल्यामुळे स्क्रू थांबत नाही, स्वतःचा नवा मार्ग कापत आत जातो. तीन भोकांचे आटे गेले होते. गनस्मिथनं ती मोठी करून ८-४० या जाड मापाचे नवे आटे पाडले आणि नव्या पट्टीची भोकंही त्या मापाला वाढवली. बिल मूळ ८५ डॉलरांच्या वर गेलं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर अत्यंत गोड: “स्क्रूवर वापराच्या खुणा आहेत, वापरलेली वस्तू परत घेता येत नाही.” म्हणजे त्याच्याच चुकीच्या स्क्रूनं पडलेल्या खुणा हाच त्याचा पुरावा! मग म्हणे, परदेशातल्या गोदामाला स्वखर्चानं पाठवा. पाठवणावळ मालाच्या किमतीइतकी. मी अभिप्राय लिहिल्यावर तिसरा निरोप आला, तो काढून टाकलात तर २० टक्के परत देऊ. हे तीन निरोप ठरलेल्या क्रमानं येतात. तुम्हालाही आले तर चक्रावू नका, आणि अभिप्राय अजिबात काढू नका. मी सगळे स्क्रीनशॉट ठेवले. ज्या कंपनीचं नाव खोक्यावर होतं तिला फोटो पाठवले. हा माल आमचा नाही, असं तिनं लेखी कळवलं. पुढच्या भांडणात तो एक ईमेल सगळ्यात जास्त कामी आला.

पैसे क्रेडिट कार्डानं दिले होते. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार, ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही ही बिलातली चूक धरता येते. तो व्यवहार ज्या बिलात पहिल्यांदा आला ते निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार पोचायला हवी. कार्ड कंपनीनं ३० दिवसांत पोच द्यायची आणि जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल लावायचा. फोनवर तक्रार घेतात हो, पण पत्रही पाठवा, बिलावर चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर, पैसे भरण्याच्या पत्त्यावर नाही. झेल या थेट बँकेतून पैसे पाठवण्याच्या सेवेनं किंवा पेपॅलच्या ‘मित्र आणि कुटुंब’ प्रकारानं पैसे दिले असते तर हा रस्ता बंद होता. म्हणूनच “थेट पाठवलेत तर दहा टक्के कमी करतो” म्हणणारा विक्रेता दिसला की पान बंद करा. जून २०२३ पासून मोठी विक्री करणाऱ्यांचं नाव आणि पत्ता ग्राहकाला दाखवणं ऑनलाइन बाजारांना बंधनकारक झालंय. वर्षाला २० हजार डॉलरच्या वर विक्री असली की तो तपशील दिसायला हवा. चार हजार अभिप्राय आणि पत्त्याचा ठिकाणा नाही, हे गणित जुळत नाही.

माल हातात आला की रायफल बाहेर काढायच्या आधी टेबलावरच तपासा. पोलाद म्हटलं असेल तर फ्रिजवरचं चुंबक लावा. (ॲल्युमिनियमच्या रिंगा वाईट नसतात, चांगल्या कंपन्याही बनवतात. प्रश्न खोटं लिहिण्याचा आहे.) २० डॉलरच्या डिजिटल व्हर्नियरनं खाच मोजा. स्क्रू रायफलमध्ये घालण्याआधी, रुगरच्या खोक्यात जी पट्टी आणि स्क्रू येतात त्यातल्या एकाला शेजारी टेकवून दोघांचे पीळ एकमेकांत बसवून बघा. उजेडात धरले की बसतात की नाही ते डोळ्यांना दिसतं, यंत्र लागत नाही. हे सगळं फोडलेल्या खोक्यासकट व्हिडिओत घ्या. वस्तू वापरायच्या आधीचा एवढाच पुरावा तुमच्या हातात राहतो.

आणि मुळात १०/२२ ला फार काही लागत नाही. उंच, पुढे झुकलेली ‘टॅक्टिकल’ माउंटं एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलसाठी असतात. त्या रायफलचा दस्ता नळीच्या रेषेत असतो म्हणून तिला उंची हवी. आपल्या दस्त्यावर ती बसवली की गाल हवेत राहतो आणि नेम मानेनं धरावा लागतो. ३२ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीला बुटक्या रिंगा सहसा पुरतात, फक्त नळी एक इंचाची आहे की ३० मिलिमीटरची ते आधी बघा. रिंगांचे स्क्रू टॉर्कच्या पान्यानं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं, बऱ्याच कंपन्या सांगतात तसे १५ ते १८ इंच-पाउंडांवर. मावसभाऊ त्याच्या एअर रायफलसाठी मागतोय ते ११ मिलिमीटरचं डोव्हटेल माउंट, त्यात मागं सरकू न देणारी खुंटी हवी. स्प्रिंगची एअर रायफल दोन्ही दिशांना हिसका देते, .२२ पेक्षा ती माउंटला जास्त छळते.

कार्ड कंपनीनं ८५ डॉलर वळते केले. गनस्मिथचं बिल माझ्याच खिशातून गेलं, ते या वादात धरत नाहीत. तक्रार फेडरल ट्रेड कमिशनच्या फसवणूक नोंदवण्याच्या संकेतस्थळावर केली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडेही. ते दुकान आठवड्याभरात बाजारातून गायब झालं. आता दुसऱ्याच नावानं तेच माउंट विकायला आहे, या वेळी पान पूर्वी कुत्र्याच्या पट्ट्याचं होतं. फोटो मात्र त्यांनी बदललेला नाही. पट्टीच्या मागच्या टोकाला, शेवटच्या खाचेपाशी, एक पांढरट ओरखडा आहे. तो दिसला तर घेऊ नका.