एसीला पाइप कोणता: तांब्याचा की ॲल्युमिनियमचा?

दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला की दुकानदार लगेच विचारतो, ‘पाइप कॉपरचा टाकू की ॲल्युमिनियमचा?’ भावात बराच फरक असतो, त्यामुळे मोह होतोच.

गारव्यात फरक पडत नाही, हे आधी सांगून टाकतो. पाइपचं काम घरातल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये गॅस नेण्या-आणण्याचं. आतला व्यास तेवढाच आणि वरचं इन्सुलेशन धड असेल, तर खोली दोन्हीने सारखीच थंड होते.

खरी परीक्षा जॉइंटवर. फिटर पाइप कटरने कापतो, तोंड खाली धरून आतली कड घासतो (म्हणजे कीस आत पडत नाही), नट आधी ओवतो आणि मग तोंड तुतारीसारखं फुलवतो. हेच फ्लेअर. नव्या एसीतल्या आर-३२ गॅसचा दाब जुन्या एसीतल्या आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त, त्यामुळे इथे केसाएवढी चीरही चालत नाही. तांबं हे फुलवणं निमूट सोसतं. ॲल्युमिनियमची कड पटकन चिरते आणि नट जरा जास्त आवळला की दबून पातळ होते. दोन सुती (पाव इंची) पाइपचा नट आवळायला साधारण १५ न्यूटन-मीटर जोर पुरतो, चार सुतीला (अर्धा इंची) ५० च्या पुढे लागतो. आपल्याकडे बहुतेक जण हे हाताच्या अंदाजाने करतात. तांबं तो अंदाज बऱ्याचदा सांभाळून घेतं.

दुसरं, नट पितळेचा. पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि थंड पाइपवर पाणी सुटणारच. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. किनाऱ्यावर राहत असाल, तर माझ्या मते हा पर्याय बादच.

दुरुस्तीतही तांबं पुढे. गळती सापडली की जागेवर ब्रेझिंग (तापवून, दुसरा धातू वितळवून सांधणं) होतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तेही आधी लाल न होता. त्यामुळे ते जोडणारा हात सहजी मिळत नाही. भाड्याच्या घरातून एसी काढून न्यायचा असेल, तर नवं फ्लेअर मारायलाही तांबंच बरं. शिवाय भंगारात किंमत येते. अर्थात त्याच कारणाने तळमजल्यावरचा उघडा पाइप चोरीलाही जातो!

सोलापूर-लातूरसारखी कोरडी हवा, दोन युनिटमध्ये तीन मीटरचं अंतर, एसी हलवायचा नाही आणि कंपनीच्या पुस्तिकेत ॲल्युमिनियमला मनाई नाही, एवढं जुळलं तर ते चालून जाईल.

तांबं घेतानाही जाडी बिलावर लिहून घ्या, ०.८ मिलिमीटर मागा. पातळ पाइप कोपऱ्यावर वळवताना चेपतो.

पाइप कुठलाही असो, आतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून हवा काढायची जुनी पद्धत आर-३२ ला नको, तो गॅस पेट घेऊ शकतो. पंपाशिवाय फिटर आला, तर दुसऱ्या दिवशी पंप घेऊन यायला सांगा.