स्टेम सेलच्या नावाखाली माझ्या लेकराच्या पाठीत सुई घातली आणि आमचे ३,९६,९६० रुपये घेतले

आकडा आधीच सांगते, कारण सगळे तोच विचारतात. तीन लाख शहाण्णव हजार नऊशे साठ. यात गाडीभाडं नाही, मिस्टरांच्या बिनपगारी रजा नाहीत, आणि माझ्या पाटल्या सोनेतारणात पडल्यात त्याचं व्याज तर नाहीच नाही.

माझा मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्पीच थेरपीला आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याला जायचं, सहा महिन्यांत दोन शब्द आले की आनंद आणि त्यातला एक परत गेला की रात्रभर रडणं. सासूबाई म्हणायच्या देवाचं काहीतरी राहिलंय, दीर म्हणायचे तुम्हीच मोबाईल दिला म्हणून झालं. असं चार बाजूंनी ऐकलं की माणूस कुणावरही विश्वास ठेवतो, आणि या लोकांना ते चांगलं माहीत असतं.

आमच्या तालुक्यात मंगल कार्यालयात स्टेम सेल उपचाराचं (स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात) मोफत तपासणी शिबिर लागलं होतं. आम्हाला तिथं पाठवलं ते आमच्याच फिजिओथेरपीवाल्यांनी, ज्यांच्याकडे दोन वर्षं जात होतो. (त्यांना पेशंटमागे १५,००० मिळतात हे मला त्यांच्याचकडे काम सोडलेल्या मुलीनं नंतर सांगितलं. डॉक्टरने असं कमिशन देणं-घेणं २००२ च्या आचारसंहितेतच बंद आहे, तरी सर्रास चालतं.) पडद्यावर व्हिडिओ लावले होते, आधी मूल एका कोपऱ्यात गोल गोल फिरतंय आणि नंतर तेच मूल कविता म्हणतंय. दहातल्या नऊ मुलांना फरक पडतो म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईनं पदर डोळ्याला लावला. मी पण रडले, खोटं कशाला बोलू.

पैसे कसे गेले ते लिहिते. पहिली तपासणी २,५००. मेंदूचं काम रंगांत दाखवणारा पेट स्कॅन १४,५००, तो नंतर परत करायचा आणि दोन्हीतले रंग शेजारी ठेवून फरक दाखवायचा. पॅकेज २,९५,०००. औषधं आणि पावडरी १८,७६०, त्या फक्त त्यांच्याच मेडिकलमधून. नऊ दिवस लॉजवर रोज १,८०० प्रमाणे १६,२००. आणि डिस्चार्जच्या दिवशी, मूल कसंबसं उभं राहत असताना, दुसऱ्या डोसचा ॲडव्हान्स ५०,०००, कारण आज भरला तर जुना रेट. सासऱ्यांची एफडी मोडली ती मोडलीच.

आता ती सकाळ. मी दीड वर्ष झालं रोज त्या सकाळीत जाऊन उभी राहते.

साडेसहाला नर्स आली आणि हातात अकरा पानांचा इंग्रजी फॉर्म दिला. मूल रात्री बारापासून उपाशी, पाणीसुद्धा नाही, आणि ऑटिझमच्या मुलाला रोजचं दूध रोजच्या कपात मिळालं नाही तर काय होतं ते तुम्हाला माहितीये, तो डोकं आपटून घेत होता, मिस्टर त्याला धरून पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते आणि आत भूल देणारे डॉक्टर येऊन बसलेत, चला लवकर, असं दर दोन मिनिटाला कुणीतरी सांगत होतं. मी बी.कॉम. आहे. पतसंस्थेत दुसऱ्यांची कर्जाची कागदं वाचायचंच काम करते. फॉर्म वाचणं मला जमत नाही असं नाही. तिसऱ्या पानावर मला स्वच्छ दिसलं की ही उपचारपद्धत प्रायोगिक आहे, फायद्याची खात्री नाही, आणि मिळालेली माहिती संशोधनासाठी वापरली जाईल. मी वाचलं. मला कळलं. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा की हे प्रयोग म्हणजे काय. तिथली कोऑर्डिनेटर म्हणाली, "ताई, ती लीगल फॉर्मॅलिटी असते हो, अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही असंच लिहून घेतात." आणि मी सही केली. अकरा पानांवर अकरा सह्या.

पतसंस्थेत एखादा जामीनदार न वाचता सही करायला लागला तर मी त्याला थांबवते. माझ्या स्वतःच्या लेकराच्या वेळी वाचून, समजून, शंका येऊन सही केली. हातातली पावती "उपचार शुल्क" म्हणत होती आणि फॉर्म "संशोधन" म्हणत होता. दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होते. तिथंच उठायला पाहिजे होतं. तोवर पॅकेजचे पैसे भरून झाले होते, खरं कारण हे आहे. पैसे आधी का घेतात आणि फॉर्म शेवटच्या सकाळी का देतात ते आता कळतंय.

केलं काय तर कंबरेच्या हाडातून बोन मॅरो (हाडाच्या आतला मगज) काढला, लॅबमध्ये त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून आतल्या पाण्यात सोडल्या. पुढचे तीन दिवस तो ओकत होता. डोकं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, तो फक्त कपाळ भिंतीला दाबून उभा राहायचा. नर्स म्हणाली, पेशी काम करायला लागल्याची लक्षणं आहेत. आमच्याकडच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी नंतर सांगितलं की मणक्यातून सुई घातल्यावर असं डोकं दुखू शकतं, त्याचा पेशींच्या कामाशी काही संबंध नाही.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की समोर भोंदू बाबा नव्हता. एमबीबीएसच्या पुढची डिग्री होती, ऑपरेशन थिएटर होतं, भिंतीवर एथिक्स कमिटीचं (माणसांवरचं संशोधन तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचं) पत्र फ्रेम करून लावलेलं होतं, आणि फाईलवर सीटीआरआयचा (ट्रायल म्हणजे माणसांवरच्या उपचारांच्या चाचण्या, त्यांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर छापलेला होता. सरकारी नंबर आहे म्हणजे सरकारची परवानगी असणार असं मला वाटलं, तुम्हालाही वाटलं असतं. सीटीआरआय ही ट्रायलची फक्त नोंदवही आहे, तिथं नोंद असणं म्हणजे उपचार मान्य असणं नव्हे. आणि वेबसाइट सगळ्यांना फुकट उघडी आहे. मी नंतर घरी बसून तो नंबर टाकून बघितला. ती ट्रायल मोठ्या माणसांच्या गुडघ्यांची होती. गुडघ्यांची! दोन मिनिटांचं काम होतं, मी ते आठ महिन्यांनी केलं. कुणी नंबर दाखवला तर तिथंच बसून मोबाईलवर टाका, आजाराचं नाव आणि वय जुळतंय का बघा.

फरक पडला का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. सहाव्या दिवशी तो "आई पानी" म्हणाला. सगळा स्टाफ जमला, व्हिडिओ काढला, आणि तो व्हिडिओ आता त्यांच्या शिबिरात दाखवतात असं मला एका ओळखीच्या आईनं कळवलंय. त्या नऊ दिवसांत ते त्याची रोज दोन वेळा स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी घेत होते, जी आम्हाला इथं आठवड्याला दोनदा मिळते. मग शब्द कशामुळे आला? ज्या मुलांना फक्त थेरपी दिली आणि पेशी दिल्या नाहीत अशी मुलं शेजारी ठेवल्याशिवाय हे कळणारच नाही, संशोधन त्यालाच म्हणतात, आणि तेच यांनी केलेलं नाही. मुलं वयानं पण थोडी पुढे जातात. सगळं श्रेय सुईला. आमच्या स्पीच थेरपिस्टच्या वहीत "पा" चा आवाज महिनाभर आधीच नोंदलेला आहे, मी ते पान बघून ठेवलंय.

त्याच बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मला समोर बसवून जे दाखवलं ते सगळ्या आईबापांपर्यंत जायला हवं म्हणून लिहिते. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ लिहिलंय की रक्ताचे ठराविक आजार वगैरे मान्य असलेले उपयोग सोडले तर स्टेम सेलचा पेशंटवरचा वापर हा संशोधनच, तो मंजूर ट्रायलमध्येच करायचा, ट्रायलबाहेर केला तर ते गैरवर्तन. आणि ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ऑटिझमबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये वेगळं सांगितलं की ऑटिझममध्ये ही थेरपी शिफारस करण्यासारखी नाही आणि तिचा प्रचार, जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे उपचार म्हणून घेतले असतील तर उपचार मान्य नाही, आणि संशोधन म्हणून केलं असेल तर पैसे घ्यायचा हक्क नाही. दोन्हीकडून ते चूक आहेत. हे एवढं स्पष्ट असून कुणी काही करत नाही याचा राग मला जास्त आहे.

आधी पोलिसात गेलो. डॉक्टरांची केस आहे म्हणाले, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आधी तज्ज्ञांचं मत आणा. तो निकाल २००५ चा, उपचारातल्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्याबद्दलचा. मी म्हणलं साहेब, हात चुकला अशी माझी तक्रार नाहीये, खोटं सांगून पैसे घेतले अशी आहे, ही फसवणूक आहे. "तुम्ही सही केलीय ना?" झालं. मत आणायला जिल्ह्याला गेलो, तिथं तीन चकरांनंतर कळलं की यातला तज्ज्ञच नाही, दुसऱ्या शहरात जा. औषध खात्यात म्हणाले, पेशी तुमच्याच मुलाच्या, बाहेरून काही दिलं नाही, मग ते औषध कसं होईल. हे वाक्य ऐकून मी थक्क झाले कारण क्लिनिकवाले पण शब्दाला शब्द हेच बोलले होते, पेशींवर फार प्रक्रिया केली नाही की औषधाचा नियम लागत नाही ही त्यांची पळवाट आहे. आरोग्य खात्यानं मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांची नोंदणी आणि त्यांच्यावरच्या तक्रारी बघणारी संस्था) पाठवलं. कौन्सिलला नोटरी करून, ५०० च्या स्टॅम्पवर, सगळ्या कागदांच्या प्रती लावून रजिस्टर एडीनं पाठवलं. पाच महिने काही नाही. मग पत्र आलं की तक्रारीच्या प्रती कमी आहेत. परत पाठवल्या. फोन केला की साहेब मीटिंगला. ऑनलाइन तक्रार केली तर अकराव्या दिवशी "निकाली" असा मेसेज, काय निकाल लागला ते कुणालाच माहीत नाही. मी पतसंस्थेत एक हप्ता चुकलेल्या माणसाला तीन नोटिसा पाठवते, आणि इथं लहान मुलांच्या मणक्यात सुया घालून लाखो रुपये घेणाऱ्याला एक साधं पत्र पाठवायला कुणाला वेळ नाही. माझी फाईल पाच टेबलांवर आहे आणि तो माणूस दर महिन्याला नवीन तालुक्यात शिबिर लावतोय.

आता ग्राहक आयोगात केस टाकलीय. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ सालीच ठरलेलं आहे. पाच लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, त्यांच्या शहरात जायची गरज नाही. हे मला कुठल्याच ऑफिसात सांगितलं नाही. मुदत दोन वर्षांची असते, मी इकडेतिकडे फिरण्यात त्यातलं सव्वा वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका.

सगळी केस पेपर लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. आम्हाला १९ दिवस लागले आणि त्यात ते तिसरं पान नव्हतंच, पण सही करताना मिस्टरांनी सहज म्हणून फोटो काढला होता, त्या एका फोटोवर आमची केस उभी आहे. पैसे चेकनं किंवा ऑनलाइनच द्या, आमचे ६०,००० रोख गेले त्याची धड पावती नाही. फॉर्म आदल्या दिवशी घरी न्यायला देत नसतील तर तिथून निघा, भरलेले पैसे बुडाले तरी निघा.

पुढची तारीख १४ तारखेला आहे. दुसऱ्या डोससाठी क्लिनिकवाल्यांचे फोन अजून येतात, मागच्या आठवड्यात म्हणाले की डोस घेतला नाही तर पहिल्याचा परिणाम जाईल. मी तो कॉल रेकॉर्ड केलाय, वकिलांना दिलाय. आणि तुमच्यापैकी कुणी अशा शिबिरातून जाऊन पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, पावतीवर "उपचार" लिहिलंय का आणि फॉर्मवर "संशोधन" लिहिलंय का ते दोन्ही कागद आजच काढून बघा.