पंधरा लिटरचाच गिझर, पाच महिन्यांनंतर

दिवाळीआधी २५ लिटरचा नवा गिझर घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. आम्ही नाशिकला राहतो, पाणी बोअरचं, घरात चौघं. गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, तीन वर्षं वापरलेला. दुसरी बादली भरता भरताच पाणी कोमट व्हायचं आणि आईला पुन्हा ताटकळावं लागायचं. गुडघे धरलेल्या माणसाला थंडीत हे फार जड जातं.

नवा घेण्याआधी एकदा उघडून बघू, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. कॉइल बाहेर काढली तर तिचे वेढेच दिसेनात, इतक्या पांढऱ्या-पिवळट खपल्या चढलेल्या. टाकीतून तांब्याभर क्षार निघाले. मॅग्नेशियमच्या कांडीची तर नुसती तार उरली होती. टाकी गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते, त्यामुळे ती वेळेवर बदलावीच लागते. कॉइल साफ केली, कांडी नवी घातली.

थर्मोस्टॅट ५० अंशांवर होता, तो ६५ वर नेला. खरा फरक इथे पडला. नळाचं पाणी १८ अंश धरलं, तर ५० अंशांच्या १५ लिटरमध्ये विसण घालून अंघोळीजोगं, ४० अंशांचं पाणी जेमतेम २२ लिटर होतं. ६५ अंशांना तेच ३२ लिटर! तापायला पंचवीसेक मिनिटं लागतात. मात्र इतकं कढत पाणी भाजतं, म्हणून आमच्याकडे बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मुलाला तर एकट्याला नळ उघडूच देत नाही.

दुसरी गोष्ट नळाची. गिझरमधलं गरम पाणी आपसूक खाली येत नाही. तळाशी शिरणारं गार पाणी त्याला वरून बाहेर ढकलतं. नळ धो-धो सोडला की टाकीत दोन्ही घुसळली जातात आणि निम्म्यातच कोमट पाणी येऊ लागतं. आता आम्ही अर्धाच नळ सोडतो. बादली भरायला वेळ लागतो खरा, पण शेवटपर्यंत वाफाळतं पाणी येतं.

नरकचतुर्दशीला पहाटे पहिल्यांदा कस लागला. दोन अंघोळी सलग झाल्या, मग वीस मिनिटं तापवून उरलेल्या दोन. जानेवारीच्या कडाक्यातही हाच क्रम टिकला. आईची अंघोळ आता पहिली असते.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं, ते चालायचंच. तो व्हॉल्व्ह कुणीही बंद करू नका. टाकी मात्र दर दिवाळीआधी उघडून घेणार.